अवस्थीजींचे चाळीस सेकंद

लखनौच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आजवर शास्त्रज्ञांनी लिहिलं, प्राध्यापकांनी लिहिलं, दोन निवृत्त कर्नलसाहेबांनी लिहिलं. यंदा संपादक मला म्हणाले, तुम्ही एवढी वर्षं टीव्हीच्या बातम्यांत होतात, तिथल्या गमती लिहा. गमती खूप आहेत. पण तीन वेळा कागद पुढे ओढला आणि तिन्ही वेळा एकच सकाळ आठवली. तेव्हा ती आधी लिहून टाकते.

मी व्हिडिओ एडिटर होते. हे नेमकं काय असतं ते माझ्या मावशीला कराडला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला वाटायचं मी टीव्हीवर दिसते, फक्त तिच्या घरच्या सेटवर दिसत नाही. काम असं होतं: बातमीदार वीस मिनिटांचं चित्रण पाठवतो, त्यातून सव्वा मिनिट निवडायचं, ते ओळीने जोडायचं आणि त्यावर निवेदकाचा आवाज चढवायचा. सकाळी सातच्या बातम्यांसाठी यातलं निम्मं काम सहा ते सातच्या दरम्यान येतं, कारण जग काही आमच्या सोयीने घडत नाही. सहा पन्नासला आलेली टेप सात पाचला दाखवायची असते. खोलीला खिडकी नव्हती. अंधार, दोन पडदे, कानाला हेडफोन. बाहेर उजाडलं की नाही हे मला पडद्यावरूनच कळायचं.

बाबा वनस्पतींवर संशोधन करायचे. नोकरीसाठी ते लखनौला आले आणि इथलेच झाले. आम्ही महानगर नावाच्या वस्तीत राहायचो. पहाटे ऑफिसची गाडी मला घ्यायला यायची, तेव्हा बाबा दारापर्यंत येऊन ड्रायव्हरला रोज तेच सांगायचे, "भैया, आराम से." ड्रायव्हर रोज मान डोलवायचा आणि रोज सुसाट न्यायचा.

या धंद्यात माणसं जपून ठेवली जातात, याची पहिली जाणीव मला एका फोनने झाली. धुकं पडलं की दाखवायला आमच्याकडे चारबाग स्टेशनबाहेरचं एक जुनं चित्रण होतं: चहाची टपरी, वाफ, आणि कानटोपी घातलेला एक म्हातारा दोन्ही हातांत पेला धरून उभा. फार सुंदर शॉट. दर हिवाळ्यात आम्ही तो वापरायचो. एका सकाळी एका बाईंचा फोन आला. ते म्हातारे त्यांचे सासरे होते. वारून दोन वर्षं झाली होती. मी माफी मागितली, शॉट काढून टाकते म्हणाले. त्या म्हणाल्या, काढू नका. फक्त दाखवणार असाल त्या दिवशी आधी फोन करा, म्हणजे सासूबाईंना उठवून बसवता येईल. त्या वर्षी मी त्यांना चार वेळा फोन केला. चारही वेळा माझ्या अंगावर शहारा आला, आणि चारही वेळा मी केला.

आता अवस्थीजींबद्दल.

अवस्थीजी आमचे निवेदक. पडद्यावर कधी दिसले नाहीत, आवाज मात्र शहरभर ओळखीचा. आधी रेडिओवर होते. पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्याला सदैव मफलर, खिशात मुलेठीचा, म्हणजे ज्येष्ठमधाचा, तुकडा. एवढ्याशा देहातून एवढा भरीव आवाज कसा निघतो, याचं नव्या माणसाला नवल वाटायचं. अलीगंजहून स्कूटरवर यायचे, साडेपाचला हजर. माझ्या खोलीलगतच्या काचेच्या केबिनमध्ये बसून वाचायचे. चुकले तर स्वतःवरच रागवायचे आणि पुन्हा वाचायचे. माझ्याशी बोलताना मुद्दाम एखादा मराठी शब्द घालायचे. 'बरं का' त्यांना फार आवडायचं, तेही चुकीच्या जागी.

कधी कधी ते वाचून घरी जायचे आणि मग आकडा बदलायचा. तीन जखमींचे चार व्हायचे. अशा वेळी मी त्यांच्या जुन्या वाचनातला 'चार' काढून 'तीन'च्या जागी बसवायची. हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही. प्रत्येक शब्दाचा चढउतार वेगळा असतो. वाक्याच्या सुरुवातीचा 'चार' शेवटी बसत नाही. म्हणून मी त्यांचे शब्द गोळा करायला लागले. आकडे, वार, गावांची नावं, 'घंटे', 'देरी से', 'सूत्रों के अनुसार'. कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाचा एक कप्पाच केला होता. अवस्थीजींना ते माहीत होतं. हसून म्हणाले होते, आता मला सुट्टी घ्यायला हरकत नाही. त्यांनी सुट्टी कधी घेतली नाही.

ती जानेवारीतली सोमवारची सकाळ. धुकं असं की आमच्या गाडीपुढे क्लीनर चालत होता आणि त्याच्या पाठीवर बॅटरीचा झोत धरून ड्रायव्हर गाडी आणत होता. साडेपाच झाले, सहा झाले, अवस्थीजी नाहीत. आमचा सकाळचा प्रोड्युसर तिवारी. बातमीपत्र वेळेत आणि पूर्ण जाईल, ही जबाबदारी त्याची. त्याने मोबाइल लावला. वाजत राहिला. धुक्यात अडकले असतील, येतील, असं सगळेच म्हणाले. बाकीच्या बातम्या मुख्य निवेदिकेने वाचून दिल्या. पण धुकं आणि गाड्यांची यादी हा अवस्थीजींचा खास तुकडा होता. लोक तो ऐकूनच घराबाहेर पडायचे. त्यासाठीचे आकडे स्टेशनवरून साडेसहालाच मिळायचे, म्हणून तो नेहमी शेवटी व्हायचा.

सहा पस्तीसला तिवारी माझ्या खोलीत आला. कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "आपके पास तो उनका सब कुछ है. बना दीजिए."

मी नाही म्हणू शकले असते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. एखाद-दुसरा शब्द आजवर बदलला होता, अख्खा तुकडा कधी केला नव्हता. मी हेडफोन चढवला आणि त्यांच्या कप्प्यातून शब्द काढायला लागले. 'नमस्कार' मागच्या आठवड्यातला. 'सोमवार' दिवाळीच्या आसपासचा. 'घना कोहरा' डिसेंबरातला. 'मार्ग' पावसाळ्यातला, रस्त्यात पाणी तुंबलं होतं तेव्हाचा. 'चार घंटे देरी से' तर किती तरी होते, त्यातला जरा थकलेला निवडला. पण जोडून ऐकलं तेव्हा ते यंत्र बोलल्यासारखं वाटलं. चूक लगेच लक्षात आली. श्वास नव्हते. मग मी जुन्या वाचनांच्या मधल्या जागांतून त्यांचे श्वास काढले आणि एकेका वाक्याआधी एकेक बसवला. शेवटी तुकडा दोन सेकंदांनी लांब झाला, म्हणून शब्दांमधली अंतरं कापून सांधे घट्ट केले. सात वाजायला चार मिनिटं कमी असताना चाळीस सेकंदांचा तुकडा तयार झाला. वर धुक्याची ताजी दृश्यं टाकली. डोळे मिटून एकदा ऐकला. अवस्थीजी शेजारच्या केबिनमध्ये बसून वाचताहेत यात काही शंका नव्हती. मी वळून काचेकडे पाहिलं. केबिनमध्ये दिवा नव्हता. मला उगीचच थंडी वाजली, आणि मी तुकडा पुढे पाठवला.

सात वाजून चार मिनिटांनी तो शहरभर ऐकला गेला. साउंडवाल्यालाही कळलं नाही. तो तिवारीला विचारत होता, अवस्थीजी केव्हा आले?

साडेसातला मी बाबांना फोन केला. कौतुक करून घ्यायला, दुसरं काय. म्हटलं, "बाबा, आज अवस्थीजींचं ऐकलंत ना? ते त्यांनी वाचलेलंच नाही. मी जोडलं."

बाबा म्हणाले, "अगं, मग ते स्वतः कुठे आहेत?"



सव्वाआठला आमचा एक बातमीदार, जो इस्पितळांकडे फिरत असायचा, त्याचा फोन आला. गोमतीच्या पुलावर दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकवर एक स्कूटर धडकली होती. सव्वापाचच्या सुमाराला. माणसाला पोलिसांनी उचलून नेलं होतं. बातमीदार नेहमीसारखा नावं टिपायला गेला आणि खाटेपाशी मफलर पाहून थबकला. अवस्थीजी आठच्या जरा आधी गेले होते.

म्हणजे मी त्यांचे श्वास वाक्यांत बसवत होते, तेव्हा ते जिवंत होते आणि श्वासासाठी धडपडत होते. हे मला त्या क्षणी नाही, दुपारी घरी जेवताना लक्षात आलं. मी ताट सारून उठले.

पण याहून वाईट गोष्ट मला दीड महिन्याने कळली.

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी अकराच्या सुमाराला अवस्थीजींच्या पत्नी ऑफिसात आल्या. नाव रमा. मी त्यांना तेराव्याला दुरून पाहिलं होतं. बदामी साडी, वर शाल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अवस्थीजींच्या नोकरीची कागदपत्रं. त्यांना त्या सकाळची टेप ऐकायची होती. तिवारीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, सांगा की ती जुनी रेकॉर्डिंग होती, विषय संपवा. त्यांना त्याने स्वतः तसंच सांगितलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, जुनी कशी असेल, त्यात त्या दिवशीचा वार होता, त्या दिवशीच्या गाड्या होत्या.

मी त्यांना माझ्या खोलीत नेलं, खुर्ची दिली. लगेच टेप लावायचं धाडस होईना, म्हणून पाणी आणायला उठले. तेव्हा त्या बोलायला लागल्या. आवाज अगदी सपाट होता, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगताहेत.

त्या सकाळी सात वाजता त्यांनी रोजच्यासारखा टीव्ही लावला होता. त्यांची रीतच होती. पती पाचला घराबाहेर पडायचे आणि सातला टीव्हीवर बोलायचे, की समजायचं सुखरूप पोहोचले. त्या दिवशी धुक्यामुळे जिवाला घोर होता. एवढ्यात बेल वाजली. दारात पोलिस शिपाई. हातात अवस्थीजींचं ऑफिसचं कार्ड. म्हणाला, या साहेबांचा अपघात झालाय, गंभीर आहे, लगेच चला. आणि नेमकं त्याच वेळी आतून टीव्हीवर आवाज आला, 'नमस्कार. आज सोमवार.'

रमाजी हसल्या होत्या. शिपायाला म्हणाल्या, अहो, ते तर इथे बोलताहेत, ऐका. शिपाईही उंबऱ्यात उभा राहून ऐकत राहिला. तोही हा आवाज ओळखत होता. खाटेवरच्या माणसाचा चेहरा पट्ट्यांत होता. त्याला वाटलं, कोणी तरी बॅग चोरून पळताना धडकला असेल. माफी मागून, कार्ड त्यांच्या हातात देऊन तो गेला. त्यांनी दार लावून घेतलं, मोबाइल लावून पाहिला. उचलला गेला नाही, पण वाचायच्या केबिनमध्ये ते फोन घेतच नसत. मग त्यांनी स्वतःसाठी चहा टाकला.

ऑफिसचा फोन त्यांना साडेआठला गेला. इस्पितळ त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर होतं. शिपायाबरोबर निघाल्या असत्या तर साडेसातला त्यांच्यापाशी असत्या. ते मधूनमधून शुद्धीवर येत होते, असं तिथल्या नर्सने सांगितलं होतं.

रमाजी म्हणाल्या, घरचे समजावतात की तुला भास झाला असेल. पण शिपायानेही ऐकलं होतं. मी त्याला शोधून विचारून आले. मग स्वतःच्या शालीकडे बघत म्हणाल्या, "वो अस्पताल में थे, और यहाँ बोल रहे थे. और बीच में उन्होंने मेरा नाम लिया."

मी टेप लावली.  पंधराव्या सेकंदाला त्यांनी बोट वर केलं. "यहाँ."

मी मागे नेऊन पुन्हा ऐकवलं. वाक्य होतं, 'लखनऊ में घना कोहरा, मार्ग पर कुछ दिखाई नहीं दे रहा.' मी तुकडा करताना पन्नासदा ऐकलं असेल. आता मात्र मला ते स्पष्ट ऐकू आलं. 'कोहरा'मधला शेवटचा 'रा' आणि 'मार्ग'मधला पहिला 'मा', मधलं अंतर कापलेलं, आधी एक छोटासा श्वास. वाक्याच्या पोटात कोणी तरी हलक्या आवाजात म्हणत होतं, रमा.

 त्या माझ्याकडे बघत होत्या. दीड महिना त्या हे उराशी धरून होत्या. जाताना ते आपल्याला हाक मारून गेले, हे. त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर ते त्यांच्यापाशी जन्मभर राहिलं असतं. त्याचबरोबर दार लावल्याची बोचही राहिली असती, आणि तिचा खरा धनी कोण हे त्यांना कधी कळलं नसतं. माझी सोय गप्प राहण्यात होती. म्हणूनच गप्प राहवेना.

मी सांगितलं. पडद्यावर तुकडे उघडून दाखवले. हा 'कोहरा' डिसेंबरातला. हा 'मार्ग' पावसाळ्यातला. हा श्वास तिसऱ्याच दिवसाचा. दोन्ही शब्द वेगवेगळे ऐकवले, मग सांधून ऐकवले, मग पुन्हा वेगळे. वेगळे केले की नाव नाहीसं व्हायचं. सांधले की परत यायचं. त्या दिवशी ते आलेच नव्हते, हे मला माहीत होतं, तरी मी केलं, हेही सांगितलं. चूक माझी आहे, तुमची नाही, असं म्हणाले. हिंदीत ते वाक्य फार पोकळ वाटलं. मराठीतही वाटलं असतं.

त्या पडद्यावरच्या आवाजाच्या रेषांकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, आणि क्षमाही केली नाही. शेवटी म्हणाल्या, "बहुत अच्छा जोड़ा है आपने. बाईस साल साथ रही हूँ उनके. मुझे पता नहीं चला."

वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं मोठं कौतुक कोणी केलं नाही.

उठताना त्यांनी एकच मागितलं. "अब उनसे कुछ मत बुलवाइएगा."

पुढचे बारा दिवस ड्युटी संपल्यावर मी थांबले. अवस्थीजींचा कप्पा एक एक शब्द ऐकत रिकामा केला. न ऐकता एकदम पुसता आला असता, पण तसं करवेना. शब्दांच्या आगेमागे राहून गेलेलं बरंच काही होतं. खोकला. तिवारीला हीटर सरकवायला सांगणं. मुलेठी चघळल्याचा आवाज. एकदा माझ्यासाठी म्हटलेलं 'बरं का'. शेवटच्या दिवशी मला वाटायला लागलं की काचेपलीकडे कोणी बसलंय आणि मी एक शब्द पुसला की पान उलटतंय. मी मान वर केली नाही. पुसून झालं, कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर आले. उन्हात बराच वेळ उभी राहिले.

त्यानंतर मी कोणाचाही आवाज जोडला नाही. आकडा बदलला तर तुकडाच गाळायचा, असं तिवारीला लिहून दिलं. त्याला ते पटलं नाही. वर्षभर आमचं जेवढ्यास तेवढं होतं. पुढे तो दुसरीकडे गेला. नवीन प्रोड्युसर आले, नवीन यंत्रं आली. मी नकार दिलेली कामं शेजारच्या टेबलावर होऊ लागली. ते मी थांबवू शकले नाही, हेही इथे लिहायला हवं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी अलीगंजला रमाजींकडे गेले. इतक्या वर्षांत फोनवर दोन-तीनदाच बोलणं झालं होतं. ये म्हणतील असं वाटलं नव्हतं, पण म्हणाल्या, सकाळी या. पावणेसातला पोहोचले. बाहेर धुकं होतं. त्यांनी शेगडी माझ्याकडे सरकवली, चहा दिला आणि सातला टीव्ही लावला. आवाज पूर्ण बंद. पडद्यावर निवेदिका ओठ हलवत होती. मग धुक्याची दृश्यं आली आणि खाली गाड्यांची यादी सरकू लागली.

 त्याच म्हणाल्या, तेव्हापासून आवाज लावत नाही. आजवर खालची यादी मीच वाचत होते, आता मोतीबिंदूमुळे अक्षरं दिसत नाहीत, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, "आप पढ़ दीजिए."

मी वाचायला लागले. अमुक गाडी तीन घंटे, अमुक पाच घंटे, अमुक रद्द. माझं हिंदी अजूनही मराठी वळणाचं आहे. दोन ठिकाणी अडखळले. एका स्टेशनाचं नाव चुकलं, ते त्यांनी दुरुस्त केलं. यादी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, म्हणून मी थांबले.

रमाजी डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पढ़ती रहिए."

मी पुन्हा पहिल्या गाडीपासून वाचायला लागले.